जूनची गर्दी, मेचं पाणी : सामूहिक बागेच्या पुढच्या बेतांबद्दल वाचकांचे प्रश्न

पावसाळा सरला की सामूहिक बागा चालवणाऱ्या मंडळांची पत्रं वाढतात. या वेळची पत्रं नाशिकच्या वेगवेगळ्या भागांतून आली असली तरी सूर एकच आहे : यंदा जमलं, आता पुढं काय करायचं? सारख्या प्रश्नांची पत्रं एकत्र करून उत्तरं देत आहोत.

प्रश्न : कॉलनीच्या मोकळ्या जागेत, साधारण ३ गुंठ्यांत, आम्ही पावसाळ्यापासून बाग सुरू केली. ग्रुपवर २२ जण आहेत. पुढच्या वर्षासाठी भाजीचे वाफे, खत, रोपवाटिका, फुलपाखरांची बाग आणि मुलांसाठी एक कोपरा असे पाच बेत ठरलेत. सगळे एकदम हाती घ्यावेत की एकेक?
— इंदिरानगर

उत्तर : बेत पाचही चांगले आहेत. पण तुमच्या दोन पानी पत्रात पाणी हा शब्द एकदाही आलेला नाही, आणि २२ पैकी प्रत्यक्षात किती जण येतात तेही नाही. आराखडा या दोन आकड्यांवर उभा राहतो, आणि दोन्ही मे महिन्याचे धरायचे. जूनमध्ये गर्दी असते, आकाशातून पाणी येत असतं. त्या भरवशावर आखलेली बाग होळीपर्यंत टिकते.

आधी हात मोजू. समजा मे महिन्यात गावाला न जाणारे ५ जण आहेत आणि प्रत्येक जण आठवड्याला ३ तास देतो. झाले १५ तास. १० फूट बाय ४ फुटांच्या एका भाजीच्या वाफ्याला खुरपणी, काढणी, पाणी मिळून आठवड्याला पाऊण तास लागतो. खताच्या दोन हौदांना ३ तास. झाडलोट, अवजारं, पाइपची डागडुजी यात २ तास जातातच. उरले १० तास. हिशेबानं १३ वाफे बसतात, पण कुणी आजारी पडतं, कुणाकडे लग्न निघतं, म्हणून ८ धरा. मधल्या वाटांसकट ८ वाफ्यांना सातशे चौरस फूट पुरतात. तुमची जागा सव्वातीन हजार चौरस फूट आहे, म्हणजे पाव भागही भरत नाही. उरलेली जागा रिकामी दिसेल, कुणीतरी टोमणा मारेल. मारू द्या.

आता पाणी. उन्हाळ्यात भाजीला दर चौरस मीटरला दिवसाला ७ लिटरच्या आसपास पाणी लागतं, थंडीत ४ लिटरवर भागतं. एक वाफा पावणेचार चौरस मीटरचा, म्हणजे मे महिन्यात रोज २५ ते ३० लिटर आणि ८ वाफ्यांना २०० ते २४० लिटर. एवढं पाणी कुणाच्या नळातून, कुठल्या वेळेला आणि कुणाच्या बिलावर येणार, हे लिहून काढल्याशिवाय दुसरं काही ठरवू नका. शेजारच्या बंगल्याच्या मालकानं तोंडी दिलेली परवानगी पाणीकपातीच्या पहिल्या आठवड्यात संपते.

क्रम असा लावा. पहिलं कुंपण आणि पाण्याची टाकी. दुसरं खत, तेही फेब्रुवारी-मार्चमध्ये, कारण पिंपळ, देशी बदाम आणि करंजाचा पाला तेव्हा फुकट मिळतो आणि त्या खताला तयार व्हायला तीन महिने हवेत. तिसरे वाफे, पण जूनमध्ये नव्हे. परतीचा पाऊस थांबला की ऑक्टोबरात. नवशिक्या हातांना मेथी, पालक, कोथिंबीर, मुळा यांच्याइतकं सोपं काही नाही आणि नाशिकची थंडी त्यांना मानवते. मेथी महिन्याभरात ताटात येते, त्यामुळे लोकांचा हुरूप टिकतो. जुलैत सुरुवात केली तर निम्मा वेळ गवत उपटण्यात जातो आणि पालकाची पानं ठिपक्यांनी भरतात.

फुलपाखरांची बाग याच वर्षी करा, तिला कष्ट सगळ्यांत कमी. फुलझाडं लावून फुलपाखरं येतात खरी, पण राहतात ती अळ्यांना खाणं असेल तर. लिंबू आणि कढीपत्ता, रुई, पानफुटी, बहावा, टाकळा एवढ्यावर भागतं. आपलं राज्य फुलपाखरू नीलवंत लिंबाच्या जातीच्या झाडांवरच अंडी घालतं. कढीपत्त्याची पानं खाल्लेली दिसली की कुणीतरी हमखास फवारणीचा पंप घेऊन येतो, म्हणून तिथं पाटी आधी लावा आणि रोप नंतर. मुलांचा कोपरा वेगळा नको, त्यांना एक वाफा नेमून द्या.

रोपवाटिका दुसऱ्या वर्षी. पिशवीतलं रोप रविवारची वाट बघत नाही, उन्हाळ्यात दिवसातून दोनदा पाणी मागतं. डिसेंबर-जानेवारीत पारा ८-१० अंशांवर आला की मिरची, वांग्याचं बी उगवायला दुप्पट-तिप्पट दिवस घेतं आणि लोकांना वाटतं बी खराब निघालं.

वाफ्यांसाठी विकतची माती आणणार असाल तर एक सावधगिरी. ९ इंच उंचीचे ८ वाफे म्हणजे २४० घनफूट, जवळपास अडीच ब्रास माल. त्यात दोन भाग माती, एक भाग कुजलेलं खत धरा. 'काळी माती' म्हणून येणारी गाडी बहुतेकदा पायाच्या खोदाईची असते. उतरवण्याआधी मूठभर माती काचेच्या बाटलीत पाण्यात ढवळून १० मिनिटं ठेवा. तळाला अर्ध्याहून जास्त खडे बसले तर तो मुरूम आहे. मग मातीचं ढेकूळ फोडून बघा. वाटाण्याहून लहान, काळपट, तंतूंनी जोडलेल्या गाठी दिसल्या तर तो लव्हाळा. गाडी परत पाठवा, भाडं बुडलं तरी चालेल. खुरपून तो जात नाही. वरचं पातं तुटतं, खाली गाठ राहते आणि आठवड्यात पुन्हा हिरवी होते. त्यापेक्षा वाटांची वरची ६ इंच माती उचलून वाफ्यांवर चढवली तर माती घरचीच राहते आणि पावसाळ्यात पाणीही वाटेनं निघून जातं.

प्रश्न : सिडकोतल्या आमच्या गल्लीच्या टोकाला मोकळी जागा आहे. तिथं बाग करायला कुणाची परवानगी लागते? नगरसेवक 'करा, मी बघतो' म्हणाले आहेत.
— सिडको

उत्तर : 'मी बघतो' हा कागद नव्हे. आधी जागा कुणाची ते काढा : मंजूर लेआउटचा नकाशा आणि सिटी सर्व्हेचा किंवा सातबाराचा उतारा. लेआउटमधली मोकळी जागा, महापालिकेकडे आलेला आरक्षित भूखंड आणि रस्त्याच्या कडेची पट्टी या तीन गोष्टी बघायला सारख्या दिसतात, पण अर्ज वेगवेगळ्या टेबलांवर जातो. जागा महापालिकेची असेल तर राजीव गांधी भवनात उद्यान विभागाला अर्ज द्या आणि पोच घ्या. अर्जात 'बाग करायची आहे' एवढंच लिहू नका. किती चौरस फूट, कुंपण कशाचं, पाणी कुठून, देखभाल कोण करणार आणि बाग बंद पडली तर जागा मोकळी कोण करणार, हे पाच मुद्दे हवेत. पक्कं बांधकाम नाही, हे स्वतःहूनच लिहा.

जागेवर जुनी झाडं असतील तर सावलीच्या नावाखाली फांद्यांना हात लावू नका. १९७५ च्या महाराष्ट्र नागरी क्षेत्र वृक्षसंरक्षण व जतन अधिनियमाखाली आधी वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. वरून उच्च दाबाची तार जात असेल तर तिथं झाड नकोच, वाफे करा.

प्रश्न : आमच्या ४० फ्लॅटच्या सोसायटीचा ओला कचरा आम्ही बागेत खतासाठी घेतो. जुलैपासून वास, चिलटं आणि अळ्या. दोन शेजाऱ्यांनी तक्रार केली आहे. पुढच्या वर्षी प्रकल्प वाढवायचा विचार होता, आता बंद करावा का?
— गंगापूर रोड

उत्तर : बंद करू नका, पण वाढवू तर मुळीच नका. आधी लहान करा. तुमची अडचण कचऱ्याची नाही, पाल्याची आहे.

हिशेब मांडून बघा. घरटी रोज अर्धा ते पाऊण किलो ओला कचरा धरला तर ४० घरांचा २० ते ३० किलो होतो, आकारमानानं सुमारे ५० लिटर. त्यावर दुप्पट ते तिप्पट आकारमानाचा सुका पाला पडायला हवा. म्हणजे रोज १०० ते १५० लिटर पाला, सरासरी एक ते दीड पोतं. महिन्याला ३० ते ४५ पोती. जुलैत एवढा सुका पाला आणणार कुठून? तुमच्याकडे तो नव्हता, म्हणून नुसता ओला कचरा ओल्यावर पडत गेला, हवा कोंडली आणि सडला. खत कुजतं, सडत नाही. सगळा फरक हवेचा आहे.

१० घरांपासून पुन्हा सुरुवात करा. मग महिन्याला १० पोती पुरतात आणि जून ते जानेवारी या आठ महिन्यांसाठी ८० पोती साठवली की झालं. फेब्रुवारी-मार्चमध्ये कॉलन्यांत पाला जाळतात, तो आधीच सांगून ठेवून उचला. हातपाय लावून किंवा गवत कापायच्या यंत्राखाली चुरला तर निम्म्याहून कमी जागेत बसतो. पोती विटांवर, पत्र्याखाली ठेवा. ८० पोती ठेवायला जागा नसेल तर तेवढीच घरं घ्या जेवढ्यांचा पाला मावेल.

हौद ३ बाय ३ बाय ३ फुटांचा, विटांच्या मध्ये दोन बोटं फट सोडून रचलेला. याहून लहान ढीग तापत नाही. तळाला अर्ध्या इंचाची जाळी, म्हणजे घुशी खालून येत नाहीत. तिच्यावर ४ इंच काटक्या, मग पाला. रोजचा कचरा मध्यभागी खड्डा करून टाकायचा आणि वरून चार बोटं पाला, असा की एक सालही दिसता कामा नये. चिलटं थांबवायचा याहून मोठा उपाय नाही. वर पत्रा, पण हौदाला टेकवू नका, वीतभर वर ठेवा. आठवड्यातून एकदा फावड्यानं वरखाली. नीट जमलेल्या ढिगात हात कोपरापर्यंत घालून काही सेकंदांपेक्षा जास्त ठेववत नाही. आत ५५ ते ६० अंश असतात.

ओल मुठीनं बघतात. मधला मूठभर माल जोरात पिळा. एखाद-दोन थेंब सुटले तर बरोबर. धार लागली तर पाला आणि हवा द्या. मूठ उघडताच माल विखुरला तर पाणी शिंपडा. नाकानंही कळतं : मुतारीसारखा वास म्हणजे ओलं जास्त आणि पाला कमी, कुजक्या अंड्याचा वास म्हणजे आत पाणी साचलंय. मुंग्या लागल्या तर ढीग कोरडा पडलाय.

अळ्यांचं घाबरू नका, पण ओळखा. करड्या-तपकिरी, चपट्या, वळवळत्या अळ्या काळ्या सैनिक माशीच्या असतात. त्या कचरा फस्त करतात, चावत नाहीत, रोग आणत नाहीत. पांढरी जाड, तपकिरी डोक्याची आणि इंग्रजी सी अक्षरासारखी गोल वळलेली अळी दिसली तर ती हुमणी असू शकते. ती बहुधा विकत आणलेल्या अर्धवट कुजलेल्या शेणखतातून येते आणि वाफ्यात गेली की मुळं कुरतडते. शेणखत चाळून घ्या, निघालेल्या अळ्या साळुंक्यांसाठी उघड्यावर टाका. काळं, भुसभुशीत, शेणाचा वास गेलेलं असेल तेच शेणखत घ्या.

खत तयार झालं का, याची परीक्षा सोपी आहे. ओलसर खत प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून ३ दिवस ठेवा. उघडल्यावर पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास आला पाहिजे. शंका वाटली तर एका कुंडीत खत मिसळलेली माती, दुसरीत नुसती माती घेऊन दोन्हींत मेथीचे दहा-दहा दाणे टाका. खताच्या कुंडीत कमी उगवले तर आणखी महिनाभर थांबा. कच्चं खत रोपांची मुळं जाळतं, आणि मग सगळा दोष बियाण्यावर जातो.

तक्रार करणाऱ्या शेजाऱ्यांना दर तीन महिन्यांनी ५ किलो चाळलेलं खत द्या. हौद त्यांच्या भिंतीपासून हलवता आला तर त्याआधी हलवा.

प्रश्न : मंदिराजवळच्या बागेत निर्माल्याचं खत करायचं आहे. ओल्या कचऱ्यासारखंच का?
— पंचवटी

उत्तर : थोडं वेगळं. झेंडू आणि शेवंतीची फुलं ढिगात चिकटून गोळा होतात आणि आत हवा जात नाही, म्हणून हार सोडवून फुलं कुस्करून टाका. दोरा, जरी, प्लास्टिकची पिशवी, थर्माकोल आणि गजऱ्याची तार आधी वेगळी काढा. याला सगळ्यांत जास्त माणसं लागतात, मोजताना हेच तास धरा. नारळाची शेंडी चालते, करवंटी नाही. गुलाल-कुंकवाने माखलेली फुलं भाजीच्या खतात घालू नका, फुलझाडांच्या वेगळ्या हौदात टाका.

प्रश्न : टाकीवरून ठिबक बसवलं. हजार लिटरची टाकी ४ फुटांच्या स्टँडवर आहे. पहिल्या दोन वाफ्यांना पाणी मिळतं, शेवटचे तीन कोरडे राहतात. पुढच्या वर्षी वाफे वाढवायचे आहेत, मोटार लावावी का?
— नाशिक रोड

उत्तर : मोटारीआधी ड्रिपर, म्हणजे थेंब सोडणारी तोंडं, बघा. ४ फूट उंची म्हणजे सव्वा मीटर, दाब चौरस सेंटिमीटरला जेमतेम ०.१२ किलो. दाब सांभाळणारे म्हणून जे ड्रिपर मिळतात, त्यांच्या आतला रबरी पडदा अर्धा ते एक किलो दाबाशिवाय नीट काम करत नाही. ते द्राक्षबागेसाठी, पंपावर चालायला केलेले असतात. टाकीवर साधी इनलाइन लॅटरल, म्हणजे आतच ड्रिपर बसवलेली वाफ्यातली नळी, लावा : १६ मिमी, ३० सेंटिमीटरवर ड्रिपर, ताशी ४ लिटरची. दाब कमी म्हणून ती प्रत्यक्षात ताशी दीड लिटरहून थोडं कमीच देईल, पण सगळीकडे जवळपास सारखं.

१० बाय ४ च्या वाफ्यात ३ लॅटरल, म्हणजे ३० ड्रिपर, तासाला ४० लिटरच्या आसपास. थंडीत २० मिनिटं, मे महिन्यात ४० मिनिटं पुरे. एका लॅटरलची लांबी १० ते १२ मीटरच्या पुढं नको. टाकीतून निघणारी मुख्य नळी ३२ मिमीची घ्या. तुमच्याकडे तीही १६ ची असेल तर शेवटचे वाफे कोरडे राहण्याचं कारण तेच. फिल्टर जाळीचा आणि ऐसपैस घ्या, लहान फिल्टर मुळातच कमी असलेला दाबही खातो. टाकीतून पाणी निघायचं तोंड तळापासून ४ बोटं वर, म्हणजे गाळ नळीत उतरत नाही. पांढऱ्या टाकीत ऊन शिरून शेवाळ धरतं; काळी घ्या किंवा बारदान गुंडाळा.

जोडणी झाली की पहिल्या आणि शेवटच्या ड्रिपरखाली वाट्या ठेवून १५ मिनिटं पाणी सोडा. फरक दहा-पंधरा टक्क्यांपर्यंत असेल तर सोडून द्या. दर पंधरा दिवसांनी एंड कॅप, म्हणजे नळीच्या टोकाचं झाकण, काढून नळ्यांतला गाळ वाहू द्या. बोअरचं पाणी असेल तर छिद्रांवर पांढरा क्षार बसतो. लॅटरल जमिनीला घासून पडली असेल तर माती आत ओढली जाते. छिद्रं आकाशाकडे तोंड करून ठेवा. खारींनी कुरतडलेल्या जागी जोडणीचा तुकडा घालता येतो, म्हणून ५-६ तुकडे घरात असू द्या.

एवढं करूनही वाफे १२ च्या पुढं गेले तर टाकी ४ फुटांवरून ८ फुटांवर न्या. मोटार सगळ्यांत शेवटी, कारण ती सुरू-बंद करायला माणूस लागतो.

प्रश्न : सातपूरला कारखान्यामागच्या पडीक जागेत भाजी लावायची आहे. माती तपासावी लागेल का?
— सातपूर

उत्तर : लागेल. पण नेहमीचा मातीचा अहवाल सामू (पीएच), क्षार, सेंद्रिय कर्ब, नत्र-स्फुरद-पालाश सांगतो. रंग, तेल किंवा शिसं सांगत नाही. तिथं पूर्वी काय टाकलं जायचं ते जुन्या रहिवाशांना विचारा. भंगार, रंगाचे डबे किंवा बॅटऱ्या असतील तर त्या मातीत पालेभाजी नको. फुलझाडं लावा, किंवा खाली जाड कापड अंथरून त्यावर फूटभर बाहेरची माती घ्या.

नमुना असा काढा : जागेत नागमोडी फिरत ८-१० ठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचा खड्डा, वीतभर खोल, एका बाजूची बोटभर जाडीची चकती. सगळं मिसळा, चार भाग करून समोरासमोरचे दोन काढून टाका, अर्धा किलो उरेपर्यंत. सावलीत वाळवा. मुक्त विद्यापीठाच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा कृषी विभागाच्या प्रयोगशाळेत चौकशी करा. नाशिकच्या काळ्या मातीचा सामू बहुधा ७.५ च्या वर असतो. त्यामुळे लिंबाची, जास्वंदीची नवी पानं पिवळी पडतात आणि शिरा हिरव्या राहतात. ही लोहाची उणीव आहे, पाण्याची नाही. पाणी वाढवलं तर आणखी बिघडते. लिटरला ५ ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि १ ग्रॅम सायट्रिक ॲसिड विरघळवून संध्याकाळी फवारा, दर दहा दिवसांनी तीनदा.

प्रश्न : येत्या ५ जूनला २०० झाडं लावण्याचा संकल्प आहे. खड्डे आणि जाती सांगा.
— पाथर्डी फाटा

उत्तर : जाती सांगतो, आकडा मात्र खाली आणा. पावसाळा संपल्यावर नोव्हेंबर ते जूनच्या मध्यापर्यंत ३२ आठवडे होतात. झाडाला आठवड्यातून दोनदा १० लिटर धरले तर २०० झाडांना आठवड्याला ४,००० लिटर, सगळ्या हंगामात १ लाख २८ हजार लिटर. म्हणजे दर आठवड्याला जवळपास एक टँकर, बत्तीस वेळा, आणि निदान दोन वर्षं. सोय असेल तर खुशाल लावा. नसेल तर ४० लावा. ४० जगलेली झाडं २०० वाळलेल्या काड्यांपेक्षा जास्त सावली देतात.

५ जूनला खड्डे तयार असू द्या, रोपं लावू नका. नाशिकला मृग बऱ्याचदा हुलकावणी देतो. जमीन वीतभर खोल भिजली की लावा, बहुधा जुलैच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात. खड्डे एप्रिलमध्येच २ बाय २ बाय २ फुटांचे, मुरमाड जागी ३ फूट, आणि महिनाभर उन्हात तापू द्या. भरताना वरची माती, २ घमेली खत, पाव किलो निंबोळी पेंड. पिशवी कापून पूर्ण काढा. तळाशी मुळं गोल फिरलेली असतील तर बोटांनी सोडवा, नाहीतर झाड तिसऱ्या वर्षी वाऱ्यानं आडवं होतं. खोडाचा बुंधा पिशवीत जेवढा मातीत होता तेवढाच ठेवा. भोवती ४ इंच पाला, पण खोडापासून तीन बोटं लांब.

कडुनिंब, करंज, बहावा, ताम्हण, बकुळ, आपटा या जाती इथं रुळलेल्या आहेत. उच्च दाबाच्या नसलेल्या तारांखाली पारिजातक, कढीपत्ता, डाळिंब. कंपाउंडच्या भिंतीलगत वड-पिंपळ नको.

आणखी एक. २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सिंहस्थाच्या पर्वण्या आहेत. त्या दिवसांत माती, खत, टँकर यांपैकी काही शहरातून आणायचं असा बेत ठेवू नका. त्या वर्षीचा माल मेअखेर जागेवर हवा.

प्रश्न : नासर्डी नदीच्या काठाला पट्टी मिळाली आहे. नाल्याच्या पाण्यावर पालेभाजी चालेल?
— मुंबई नाका

उत्तर : नाही. त्या पाण्यात सांडपाणी असतं आणि पालेभाजी आपण कमी शिजवून, कोथिंबीर तर कच्चीच खातो. काठाला वाळा, बांबू, उंबर, जांभूळ, वाळुंज लावा. माती धरून ठेवतात आणि पुरात तगतात. अवजारांची पेटी, टाकी, खताचे हौद पूररेषेच्या बाहेर ठेवा. २००८ च्या सप्टेंबरातला पूर ज्यांनी पाहिला आहे त्यांना पाणी कुठवर आलं होतं ते विचारा, कुणीही बोट दाखवून सांगेल.

प्रश्न : दिवाळीनंतर स्वयंसेवक गळतात आणि जे राहतात त्यांच्यात भाजी कुणी नेली यावरून कुरबुर होते. पुढच्या वर्षी हे टाळायचं कसं?
— मखमलाबाद

उत्तर : तुमच्या भागात हे होणारच. बरीच घरं द्राक्षाची; ऑक्टोबरच्या छाटणीपासून काढणीपर्यंत त्या माणसांना उसंत नसते. तेव्हा माणसं बदलू नका, पिकं बदला. द्राक्षवाल्या घरांना जून ते सप्टेंबरची कामं द्या : दोडका-कारल्याचा मांडव, हिरवळीच्या खतासाठी ताग पेरणं आणि गाडणं. थंडीतले वाफे नोकरदार आणि निवृत्त मंडळींकडे. दिवाळीच्या आठवड्यात पेरणी किंवा काढणी येणार नाही अशी तारीख धरा. मेथी भाऊबीजेनंतर टाकली तर काही बिघडत नाही. मार्चमध्ये परीक्षा असतात, त्या महिन्यात मुलांवर काही सोपवू नका.

पहिल्या उत्तरातल्यासारखे आठ वाफे असतील तर मे महिन्यात आठही चालवायची जिद्द नको. तीन वाफ्यांत भेंडी-गवार ठेवा, ती फेब्रुवारीतच लावलेली असावी. बाकी पाचांवर ४ इंच पाला पसरून, एकदा भिजवून सोडून द्या. पाऊस पडला की त्यांत वाफ्याला २५ ग्रॅम ताग टाका आणि ४५ दिवसांनी, फुलं यायच्या आत, गाडा. फूल आल्यावर खोड ताठ होतं आणि ऑक्टोबरपर्यंत कुजत नाही.

'सगळ्यांनी रविवारी या' ही पद्धत मोडा. वाफ्यागणिक दोन नावं लावा, शेजारी राहणारी असतील तर उत्तम. एक गावाला गेला की दुसरा पाणी घालतो आणि वाफा वाळला तर कुणाला विचारायचं तेही कळतं.

भाजीची वाटणी पेरणीच्या आधी ठरवा, काढणीच्या दिवशी नव्हे. निम्मी वाफ्याच्या दोन माणसांची, निम्मी त्या दिवशी कामाला आलेल्यांची, असा नियम बहुतेक ठिकाणी पटतो. दाराशी काटा आणि वही ठेवा. वहीत चारच रकाने : तारीख, वाफा, किती ग्रॅम, कुणी नेली. पेन दोरीनं वहीला बांधा, नाहीतर ते पहिल्या आठवड्यात जातं.